काट्यावर चढवलेले मास्तर

माझे भावोजी बावीस वर्षं आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचे मास्तर होते. आता नाहीत. त्यांचं ते काम माझ्यामुळे गेलं, आणि तेही मी त्यांची बाजू मांडायला उभा राहिलो म्हणून. दुसऱ्या कोणी घालवलं असतं तर त्याला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. पण घालवलं सख्ख्या मेहुण्याने, आणि तो मेहुणा रविवारी त्यांच्याच घरी जेवतो.

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे हा शहाणपणा कुठून आला ते कळेल. मी कागद कारखान्याच्या फाटकावर वजनकाट्याचा कारकून आहे. रद्दीचा ट्रक भरलेला येतो, काट्यावर चढतो, मी आकडा लिहितो. माल उतरवून रिकामा परत येतो, पुन्हा चढतो, पुन्हा आकडा. भरलेल्यातून रिकामा वजा केला की आत काय होतं ते कळतं. ड्रायव्हर आईची शपथ घेवो नाहीतर पाया पडो, आकडा तोच राहतो. एकतीस वर्षं मी हे करतोय आणि एकतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिलेला नाही. लोक मला काटेवाला म्हणतात. त्यात थोडी थट्टा आहे, पण मला आवडतं.

मला बायको नाही, पोरंबाळं नाहीत. एक नाद आहे. कारखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या वह्या मी स्वतः शिवतो, आणि संघाचा प्रत्येक सामना त्यात उतरवतो. कितव्या मिनिटाला चढाई झाली, कुठल्या बाजूने, कोणी कोणाला पास दिला, शेवटचा पाय कोणाचा, आणि चेंडू कुठे गेला. कोणी सांगितलेलं नव्हतं. भावोजी मास्तर झाले त्या पहिल्या रविवारी सुरू केलं आणि एकही रविवार चुकवला नाही. अकरा जाडजूड वह्या झाल्या.

भावोजी पंपघरात फिटर. तरुणपणी ते संघाचे गोलकीपर होते, म्हणजे जन्मात त्यांनी एकही गोल मारलेला नाही. चौकातला न्हावी त्यांना त्यावरून हमखास चिडवायचा. "ज्याने कधी गोल मारला नाही तो पोरांना गोल मारायला शिकवणार! उद्या मी टक्कल पडलेल्याकडून भांग पाडायला शिकतो." भावोजी शांतपणे म्हणायचे, "अरे, मारणाऱ्याला फक्त जाळी दिसते. मी चौदा वर्षं समोरून येणारे बघितलेत. कोण कुठून आला की पोटात गोळा येतो, ते मला विचार."

त्यांच्या पोटात गोळा आणणारा एकच माणूस होता. तो चेंडूजवळ नसायचा, गडबडीत नसायचा. सगळे डावीकडे बघत असताना तो मागून, उशिरा, न सांगता यायचा. भावोजींनी त्याला नाव ठेवलं होतं पाहुणा. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही म्हटलं तरी चालेल. डावीकडून चढायचं, चेंडू मागे द्यायचा, आणि उजवीकडून पाहुण्याने यायचं. दुपारी कारखाना त्यांना अर्धी सुट्टी द्यायचा, मैदानावर जायला. संध्याकाळी घरी आले की टेबलावर ताईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं मांडून बसायचे. अकरा पांढरी, अकरा रंगीत. मोठं पांढरं बटण म्हणजे पाहुणा. ताई करवादायची, "अहो, तुमच्या शर्टाला तीन बटणं नाहीत, आणि तुमचा पाहुणा माझ्या टेबलावर लोळतोय." मग ती शर्टाला मिळतील ती बटणं लावायची. भावोजींचा एकही शर्ट वरपासून खालपर्यंत एका बटणाचा नव्हता.

संघाचे सोन्याचे दिवस आठ वर्षं चालले. तेव्हा बारक्या होता. चणीने लहान, म्हणून बारक्या. त्याच्या पायात काय होतं देव जाणे, चेंडू सुटायचाच नाही. त्या आठ वर्षांत आम्ही एका सामन्याला सरासरी अडीच गोल मारले. बारक्या पाच वर्षांपूर्वी मोठ्या शहरातल्या संघात गेला, आणि आम्ही परत सामन्याला एकावर आलो. एक म्हणजे काही वाईट नाही. लोक कुरकुरायचे, पण यायचे.

मग यंदा कारखान्याने कामाच्या पाळ्या बदलल्या. टाइम ऑफिसच्या साहेबांनी कागद काढला आणि संघातले पाच जण दुपारच्या पाळीत गेले. सराव दुपारी. म्हणजे अकरातले सहाच मैदानावर. भावोजी साहेबांकडे दोनदा गेले. साहेब म्हणाले, "मास्तर, कारखाना कागदाचा आहे, फुटबॉलचा नाही." तिसऱ्यांदा भावोजी गेले नाहीत. त्यांनी पंपघरातून पाच रिकामी पिंपं आणली आणि जे पाच जण नव्हते त्यांच्या जागी मैदानावर उभी केली. सहा माणसं आणि पाच पिंपं असा सराव सुरू झाला. पिंपाला पास देता येतो. पण पिंपाने पास परत दिल्याचं मी तरी बघितलं नाही.

पहिल्या चार सामन्यांत गोल नाही झाला तेव्हा लोक हसले. सातव्यानंतर हसायचे थांबले. नवव्यानंतर भावोजींचं जेवण सुटलं. सकाळी पंपघरात जाण्याआधी ते त्या पाच जणांच्या खोल्यांवर जायचे. दार त्यांच्या बायका उघडायच्या आणि म्हणायच्या, झोपलेत, कालची पाळी उशिरा सुटली. भावोजी दारातच उभे राहून त्या बायकांना सांगायचे, "त्याला फक्त एवढं सांगा, चेंडू मिळाला की आधी उजवीकडे बघ." बायका हो म्हणायच्या. एकीने कागदावर लिहून घेतलं होतं. मला हे ताईने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज फाटला. "परक्या बायकांपुढे हात जोडून उभे राहतात रे. ह्यांना झालंय काय?"

न्हाव्याच्या दुकानात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. एक दिवस मी माझी पाळी यायची वाट बघत बाकावर बसलो होतो आणि खुर्चीत संघाचे सेक्रेटरी होते, अर्ध्या गालाला फेस लावलेले. हे कारखान्याच्या स्टोअरचे कीपर, आणि सवयीने संघाचंही सगळं तेच बघतात.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" न्हावी म्हणाला. "पोरंच अशी. मास्तर काय करतील?"

"मग बारक्याच्या वेळी हार मास्तरांच्या गळ्यात का घातले होते?" सेक्रेटरी म्हणाले. "जिंकले की मास्तर, हरले की पोरं?"

"बारक्या असताना माझी आजी मास्तर असती तरी गोल झाले असते."

"म्हणजे मास्तर असले काय, नसले काय, सारखंच?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी त्याची गत झाली होती. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते कधीकधी," एवढं पुटपुटून त्याने दुसरा गाल हातात घेतला.

मी मात्र बाकावर ताठ बसलो. मला वाटलं, ही लोकं उगाच तोंडाची वाफ दवडतायत. ह्याचा निकाल लागू शकतो. माझ्या घरी अकरा वह्या आहेत.

दहावा सामना रविवारी होता. त्यानंतर मंगळवारी संघाच्या समितीची बैठक ठरली होती, आणि बैठक कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. एक गोल झाला असता तरी बैठक टळली असती. भावोजी रेषेजवळ उभे होते. बसायची खुर्ची होती, पण बसले नाहीत. एकाहत्तराव्या मिनिटाला आमच्या पोराने डावीकडून मुसंडी मारली, चेंडू मागे दिला, आणि उजवीकडून पाहुणा आला. अगदी जसा यायला हवा तसा. त्याच्या आसपास दहा पावलांत कोणी नव्हतं. भावोजींनी दोन्ही हात वर केले. पण चेंडू ज्याच्याकडे आला होता तो दुपारच्या पाळीतला. त्याच्या जागी सगळा हंगाम पिंप उभं होतं. त्याने उजवीकडे बघितलंच नाही. सरळ लाथ घातली आणि चेंडू भिंतीवरून बाहेर गेला. मी लिहिलं: ७१ मिनिटं, डावीकडून, बाहेर. पाहुणा एकटाच उभा होता, ते मी लिहिलं नाही. त्यासाठी वहीत रकाना नव्हता. आम्ही एक शून्याने हरलो.

सोमवारी भावोजी काट्यावर आले. माझ्या खोलीत खुर्ची एकच, तीत ते बसले आणि मी खिडकीशी उभा राहिलो. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"उद्या मी बोललो तर रड वाटेल," ते म्हणाले. "तू बोल. जास्त काही नको. एवढंच सांग की पाळ्या बदलल्यापासून अकरा जण एकदाही एकत्र सरावाला आले नाहीत. बस्स."

"एवढंच?"

"एवढं पुरे आहे. खरं आहे ना?"

खरं होतं. पण बैठकीचे अध्यक्ष टाइम ऑफिसचे साहेब. पाळ्या त्यांनीच बदललेल्या. आणि माझा काटा टाइम ऑफिसच्या हाताखाली येतो. मी भावोजींना हो म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नाही, मी घाबरलो होतो. साहेबांच्या तोंडावर साहेबांची चूक सांगायची माझी छाती नव्हती. त्यातून मी माझ्या वह्यांची पळवाट काढली, आणि स्वतःला पटवलं की हा पुरावा त्यांच्या त्या एका वाक्यापेक्षा भारी आहे. भित्र्या माणसाला आपला भित्रेपणा फार हुशार वाटतो.

मंगळवारची दुपार. स्टोअरच्या वरच्या खोलीत बैठक. पंखा चालू होता, वारा नव्हता. कपाटात बारक्याच्या काळातले चषक. साहेब मध्ये, सेक्रेटरी कागद घेऊन शेजारी, आणि गावाच्या वतीने म्हणून न्हावी. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वरची दोन बटणं पांढरी, खालची निळी.

"बसा मास्तर," साहेब म्हणाले. "प्रश्न साधा आहे. दहा सामने झाले, गोल नाही. ह्यात तुमचा दोष किती, आणि पोरांचा किती?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि बरोबर आणलेल्या पोत्यातून वह्या काढून टेबलावर रचल्या.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आठवू नये असं वाटतं तरी. मी म्हणालो, साहेब, दोष शून्य. मी सिद्ध करून दाखवतो. बारक्या यायच्या आधी सामन्याला एक गोल. बारक्या असताना अडीच. तो गेल्यावर परत एक. मास्तर तेच, फरक बारक्याचा. आता दुसरं बघा. सात वर्षांपूर्वी मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सात सामने ते दवाखान्यात आणि घरी होते. त्याआधीच्या सात सामन्यांत आपले गोल सतरा. ते नसतानाच्या सात सामन्यांतही सतरा. मी ट्रक जसा भरलेला आणि रिकामा चढवतो तसे मास्तर चढवले. त्यांच्यासकट सतरा, त्यांच्याशिवाय सतरा. मास्तरांमुळे गोल होत नाहीत असं म्हणणं चूक आहे, साहेब. गोल होण्या न होण्याशी त्यांचा काही संबंधच नाही.

मी खाली बसलो. मला घाम आला होता आणि मी खूश होतो. न्हावी माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. मला वाटलं, कौतुकाने.

साहेबांनी एक वही उघडली, दोन पानं उलटली, मिटली. मग अगदी हळू, जणू खरंच उत्तर हवंय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग मास्तर कशाला हवेत?"

मला तेव्हा कळलं. तोवर कळलं नव्हतं, ह्यावर आज कोणाचा विश्वास बसत नाही, ताईचा तर नाहीच. पण खरंच कळलं नव्हतं.

"पाळ्या—" मी म्हणालो. "साहेब, पाळ्यांचं पण—"

"पाळ्यांचं काय?" साहेबांनी वर बघितलं.

"काही नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात भावोजी बोलले. त्यांचा आवाज वेगळाच येत होता, घाईचा. "थांबा. वहीत पाहुणा आहे की. पाहुण्याने मारलेले गोल. ते तर माझेच ना? तो मी शिकवलाय, दुसरं कोणी नाही शिकवला. बघ रे. बावीस वर्षांतले सगळे काढ. वेळ लागू दे. साहेब थांबतील."

ते आशेने बघत होते. त्यांच्या हिशेबाने ते साठ तरी असावेत, नाहीतर शंभर. इतकी वर्षं रोज तेच शिकवलेलं. मला मोजायची गरज नव्हती. तसा गोल झाला की मी लाल पेन्सिलीने खूण करायचो, त्यामुळे आकडा पाठ होता. तरी मी पानं उलटत बसलो. चहा आला, गार झाला.

"किती?" भावोजींनी विचारलं.

"चार."

"नीट बघ."

"बघितलं, भावोजी. चार आहेत."

मी चाळीस म्हणू शकलो असतो. माझं अक्षर माझ्याशिवाय कोणाला लागत नाही, कोणी तपासणार नव्हतं. ऐंशी म्हणालो असतो तरी न्हाव्याने टाळ्या वाजवल्या असत्या. पण एकतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही हा माझा तोरा, आणि तो मी नेमका त्या दुपारी सांभाळला. भावोजींनी मान खाली घातली आणि शर्टाचं खालचं बटण दोन बोटांत धरून बसले. ते बैठक संपेपर्यंत सोडलं नाही.

ठराव दोन झाले. पहिला, की गोल न होण्यात मास्तरांचा काहीही दोष नाही. दुसरा, की मास्तर हे पद बंद करण्यात येत आहे. सेक्रेटरींनी दोन्ही एकाच कागदावर लिहिले. रविवारी संघाबरोबर न्हाव्याने बसायचं ठरलं. भावोजींनी सोमवारपासून पंपघरात पूर्ण पाळी करायची.

जिना उतरून ते माझ्या पुढे चालत राहिले. घरी ताई बोलली. "तुला एकच वाक्य बोलायला सांगितलं होतं ना? एक वाक्य! तेवढंही तुझ्या जिभेवर आलं नाही? अकरा वह्या घेऊन गेला शहाणा!" मी दारातच उभा होतो. ती पुढे म्हणाली, "त्यांना नुसतं काढलं असतं ना, तर रागावले असते, चार दिवस शिव्या दिल्या असत्या, सावरले असते. तू त्यांना सांगितलंस की ते कधी नव्हतेच." मग तिने पदर तोंडाला लावला. मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

तीन दिवसांनी भावोजींनी निरोप पाठवला, वह्या दे. मी नेऊन दिल्या. मला वाटलं जाळतील, आणि जाळल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी जाळल्या नाहीत. बटणांचा डबा कपाटात गेला आणि टेबलावर वह्या आल्या. कामावरून आले की ते चष्मा लावून बसायचे आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायचे. माझं अक्षर त्यांना हळूहळू लागायला लागलं. दोन आठवड्यांनी रविवारी मी गेलो तेव्हा दहावी वही चालू होती.

"यात मी कुठेच नाही रे," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं कळवल्यासारखं. "सगळे आहेत. तो लंगडा रेफरी पण आहे. मी नाही."

मला तिथे बसवेना. मी उठलो आणि बस धरून बारक्याकडे गेलो, दोन तासांवर. त्याचा गुडघा केव्हाच गेलाय. आता त्याचं टायर दुरुस्तीचं दुकान आहे. का गेलो ते मलाही नक्की सांगता येणार नाही. कोणीतरी मला चूक म्हणावं अशी भीक मागायला गेलो असेन. सगळं ऐकून घेईपर्यंत त्याने हातातलं टायर खाली ठेवलं नव्हतं. मग ठेवलं.

"मामा, गोल मीच मारले," तो म्हणाला. "ते खरं आहे. पण एक सांगा, मला अडवायला समोर किती बॅक असायचे?"

"एक."

"नेहमी एकच. दुसरा कुठे जायचा?"

मी वह्यांतली पानं आठवून बघितली.

"पाहुण्यामागे जायचा. आपला मधल्या फळीतला हाफ उजवीकडून जिवाच्या आकांताने धावायचा. त्याला चेंडू मिळणार नाही हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. समोरच्याला ठाऊक नसायचं. तो बॅक त्याच्यामागे गेला की मी मोकळा. मास्तर आम्हाला म्हणायचे, पाहुण्याला वाढायलाच पाहिजे असं नाही, तो आला की घरात धावपळ होते, तेवढी पुरते. नव्या संघात गेलो आणि समोर दोन-दोन बॅक आले, तेव्हा मला कळलं मी किती पाण्यात आहे ते. तिकडे दोन वर्षांत तीन गोल मारले मी."

"आणि मास्तर दवाखान्यात होते तेव्हा? तेव्हाही सतराच गोल झाले."

"मग? तेव्हाही तेच खेळत होतो. शिकवणारा आजारी पडला म्हणून शिकलेलं विसरतं का कोणी? तुमच्या शाळेच्या गुरुजींना जाऊन किती वर्षं झाली? पाढे विसरलात?"

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून रडलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणी गेलं का. मी नाही म्हणालो. बावीस वर्षं मी चेंडू कुठे आहे ते लिहिलं होतं. ज्याच्याकडे चेंडू नाही तो कुठे धावतोय, ते एकदाही लिहिलं नव्हतं. भावोजींचं सगळं काम त्या न लिहिलेल्या जागेत होतं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. आणि या वेळी बोललो, पाळ्यांचं सुद्धा बोललो, अगदी तोंडावर. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्हीच आकडे दिलेत, काटेवाले. आता तुम्हीच म्हणता आकडे चुकले. मी कुठल्या काटेवाल्याचं ऐकू?" आणि पुढची फाइल ओढली.

तिथून मी सरळ भावोजींकडे गेलो. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं, आणि ते शेवटच्या वहीवर पोचले होते. गालफडं बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बारक्याचं, दुसऱ्या बॅकचं, पाढ्यांचं. एका दमात सांगितलं. ते बोट ओळीवर तसंच ठेवून ऐकत होते.

"म्हणजे वही चुकली?" त्यांनी विचारलं.

"हो. पहिल्या पानापासून चुकली. भावोजी, मला क्षमा करा. हा आकडाच धरू नका. वही कुचकामाची आहे, फेकून द्या."

मला वाटलं त्यांचा चेहरा उजळेल. तो उलट घाबरा झाला. त्यांनी दोन्ही हात वहीवर पालथे ठेवले, कोणी ओढून घेईल म्हणून.

"नको," ते म्हणाले. "असं म्हणू नकोस. कुणाला सांगू पण नकोस."

"पण बारक्या स्वतः म्हणाला—"

"बारक्या चांगला पोरगा आहे. तो चांगलंच बोलणार." त्यांनी वही जवळ ओढली. "ते बोलणं झालं. हे लिहिलेलं आहे. वही चुकली म्हणालास तर हे चार पण जातील की रे. मग माझ्याकडे काय राहिलं? ते चार तरी राहू देत."

स्वयंपाकघरात ताईने नळ बंद केला. बारक्याने दिलेलं सगळं माझ्या हातात होतं, भरभरून, आणि ते घ्यायला तयार नव्हते. कारण मी त्यांना एकदा आकडा दिला होता, आणि काटेवाल्याचा आकडा खोटा नसतो हे त्यांना बावीस वर्षं मीच सांगत आलो होतो.

त्यांनी चार ठिकाणी कागदाचे कपटे घालून ठेवले होते. पहिली वही माझ्याकडे सरकवली आणि चष्मा काढला.

"माझे डोळे दुखतात आता," ते म्हणाले. "तू वाच."

मी बसलो. वाचलं, कितवं मिनिट, कुठली बाजू, कोणाचा पास, कोणाचा पाय, गोल. ते डोळे मिटून ऐकत होते. मी दुसरा वाचला, तिसरा वाचला. चौथा वाचून झाला तेव्हा ताई दारात येऊन उभी होती, ओल्या हातांनी.

"परत वाच," भावोजी म्हणाले, आणि मी पहिली वही परत उघडली.